मागील बाकावरील खासदार आणि संसदेचे कामकाज

भीमा नदीच्या एका तीरावर शिरूर तालुक्यातील गावे आहेत आणि दुसऱ्या तीरावर दौंड तालुक्यातील. दोन्ही तीरांवर ऊस आणि कांदा ही महत्त्वाची पिके आहेत. शिरूरला रांजणगावची औद्योगिक वसाहत आहे, तर दौंडला कुरकुंभची. शिवाय दौंड हे मध्य रेल्वेचे मोठे जंक्शन आहे. व्यवहार असा एकमेकांत गुंतलेला असला, तरी २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेनंतर शिरूर शिरूर लोकसभा मतदारसंघात आणि दौंड बारामती मतदारसंघात आहे. त्यामुळे एकाच नदीच्या दोन काठांवरील शेतकरी दोन वेगळे खासदार दिल्लीस पाठवितात.

हे खासदार तेथे नेमके काय करतात, याविषयी ग्रामीण भागात दोन टोकांच्या समजुती आढळतात. खासदाराने मनात आणले म्हणजे तालुक्यातील प्रत्येक काम होते, ही एक समजूत; आणि मंत्रिपद नसलेल्या खासदाराच्या हाती काहीच नसते, ही दुसरी. दोन्ही समजुती वस्तुस्थितीस धरून नाहीत. आरोग्य, अर्थव्यवस्था आणि परराष्ट्र व्यवहार या तीन विषयांच्या आधारे मागील बाकावरील सदस्याचे काम समजून घेतल्यास त्याची शक्ती आणि मर्यादा दोन्ही स्पष्ट होतात.

बहुसंख्य सदस्य मागील बाकावरच

लोकसभेत ५४३ निर्वाचित सदस्य असतात. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीनुसार पंतप्रधानांसह मंत्र्यांची संख्या लोकसभेच्या एकूण सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांपेक्षा अधिक असू शकत नाही. म्हणजे मंत्र्यांची संख्या जास्तीत जास्त ८१ होते आणि त्यांतील काही मंत्री राज्यसभेतून येतात. याचा अर्थ असा की, लोकसभेचे साडेचारशेहून अधिक सदस्य मंत्री नसतात. यांत विरोधी पक्षांचे सदस्य असतात, तसेच सत्तारूढ पक्षाचेही असतात. मंत्री नसलेल्या अशा प्रत्येक सदस्यास संसदीय परिभाषेत ‘अशासकीय सदस्य’ म्हणतात. शासनाकडून उत्तर मागणे हे त्याचे मुख्य काम होय.

सत्तारूढ पक्षाचा मागील बाकावरील सदस्यही हे काम किती परिणामकारकपणे करू शकतो, याचे उदाहरण १९५७ साली घडले. त्या वर्षी डिसेंबरमध्ये फिरोज गांधी यांनी आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत केलेल्या गुंतवणुकीचा प्रश्न लोकसभेत उपस्थित केला. रक्कम सुमारे सव्वा कोटी रुपयांची होती. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती म. क. छागला यांनी जाहीर चौकशी केली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांनी राजीनामा दिला. प्रश्न विचारणाऱ्या सदस्याकडे अधिकारपद नव्हते. कागदपत्रांवर आधारलेली माहिती मात्र होती.

सदस्याच्या हातातील साधने

पहिले साधन प्रश्नोत्तराचा तास. लोकसभेच्या बैठकीचा पहिला तास त्यासाठी राखलेला असतो. तारांकित प्रश्नाचे उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी मिळते. एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. सूचना किमान पूर्ण १५ दिवस आधी द्यावी लागते. तारांकित प्रश्न गाजतो हे खरे. परंतु तालुक्याच्या दृष्टीने अतारांकित प्रश्न अनेकदा अधिक उपयोगी ठरतो. त्याच्या उत्तरात आकडे, तारखा आणि मंजुरीची स्थिती येते, आणि ते उत्तर सभागृहाच्या अभिलेखात कायम राहते. उत्तराने समाधान न झाल्यास अर्ध्या तासाची चर्चा मागता येते.

दुसरे साधन नियम ३७७ खालील निवेदन. तातडीचा पण अन्य कोणत्याही सूचनेत न बसणारा विषय सदस्य थोडक्यात मांडतो आणि संबंधित मंत्रालय पुढे त्यास लेखी उत्तर पाठविते. प्रश्नोत्तराच्या तासानंतरचा ‘शून्य प्रहर’ही अशाच तातडीच्या विषयांसाठी वापरला जातो.

तिसरे साधन अर्थसंकल्पातील अनुदानाच्या मागण्यांवरील कपात सूचना. मागणीची रक्कम एक रुपयापर्यंत कमी करावी, असे सुचविणारी सूचना धोरणाचा निषेध करते. शंभर रुपयांची कपात सुचविणारी सूचना एखाद्या विशिष्ट तक्रारीकडे लक्ष वेधते. अशा सूचना क्वचितच मंजूर होतात. परंतु त्यांच्या निमित्ताने मंत्र्यांना त्या तक्रारीची दखल घ्यावी लागते.

चौथे साधन विभागवार स्थायी समित्यांचे. १९९३ मध्ये सुरू झालेल्या या समित्यांची संख्या २००४ पासून २४ आहे. प्रत्येक समितीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० सदस्य असतात. आरोग्य, वित्त आणि परराष्ट्र व्यवहार यांसाठी स्वतंत्र समित्या आहेत. मंत्री या समित्यांचे सदस्य होऊ शकत नाहीत. मंत्रालयाचे सचिव समितीपुढे साक्ष देतात, आणि बैठक बंद दाराआड होत असल्याने पक्षीय भाषणांपेक्षा तपशिलास महत्त्व येते.

पाचवे साधन अशासकीय विधेयक. १९५२ पासून अशी केवळ १४ विधेयके कायद्यात रूपांतरित झाली, आणि त्यांतील शेवटचे १९७० साली. तथापि, संमत न झालेले विधेयक वाया जाते असे नाही. राजापूरचे खासदार बॅ. नाथ पै यांनी गोलकनाथ खटल्याच्या निकालानंतर १९६७ मध्ये संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार स्पष्ट करणारे विधेयक मांडले. ते संमत झाले नाही आणि जानेवारी १९७१ मध्ये नाथ पै यांचे निधन झाले. त्याच वर्षी शासनाने आणलेल्या २४ व्या घटनादुरुस्तीने तेच तत्त्व संविधानात आणले.

पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागाचे एक उदाहरण

मागील बाकापासून सुरुवात करून या तिन्ही विषयांशी संबंध आलेले एक नाव पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागाशी निगडित आहे. रघुनाथ केशव खाडिलकर हे १९५७ मध्ये अहमदनगरमधून लोकसभेवर गेले. पुढे १९६२ आणि १९६७ मध्ये खेड, तर १९७१ मध्ये बारामती मतदारसंघाने त्यांना निवडून दिले.

मार्च १९६७ मध्ये ते लोकसभेचे उपाध्यक्ष झाले. १९ जुलै १९६९ रोजी अध्यक्ष नीलम संजीव रेड्डी यांनी राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीसाठी राजीनामा दिला आणि संविधानाच्या अनुच्छेद ९५ नुसार अध्यक्षपदाची कर्तव्ये उपाध्यक्षांकडे आली. गुरुदयालसिंग धिल्लन ८ ऑगस्टला अध्यक्ष होईपर्यंतच्या या तीन आठवड्यांतच १४ बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचे विधेयक लोकसभेपुढे चर्चेस होते. ग्रामीण भागात बँकांच्या शाखा पोहोचण्याच्या वाटचालीतील तो महत्त्वाचा टप्पा होता.

१९७१ मध्ये खाडिलकर यांच्याकडे कामगार व पुनर्वसन खात्याची जबाबदारी आली. त्या वर्षी पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. शेजारच्या देशातील घडामोड हा परराष्ट्र व्यवहाराचा विषय होता. छावण्यांचा खर्च हा अर्थव्यवस्थेचा विषय बनला. छावण्यांत पटकीची साथ पसरताच तो आरोग्याचाही विषय झाला. बनगाव येथे डॉ. दिलीप महालनबीस यांनी शिरेतून द्यावयाचे सलाइन अपुरे पडू लागल्यावर मीठ-साखरेचे द्रावण तोंडावाटे देण्याचा मार्ग अवलंबिला. तेथील मृत्यूचे प्रमाण तीन ते चार टक्क्यांपर्यंत खाली आले. पुढे हेच द्रावण जगभर जलसंजीवनी म्हणून रूढ झाले.

सीमेपासून दूर असलेल्या गावांनीही या संकटाचा भार उचलला. १५ नोव्हेंबर १९७१ पासून प्रत्येक पत्रावर निर्वासित साहाय्यासाठी पाच पैशांचे जादा तिकीट लावावे लागे. शिरूरच्या टपाल कचेरीत पत्र टाकणारा शिक्षक आणि दौंडचा रेल्वे कर्मचारी यांनी परराष्ट्र धोरणाचा हा खर्च पाच-पाच पैशांनी सोसला. दूरच्या देशातील घटना गावाच्या खिशापर्यंत कशी पोहोचते, याचा याहून सोपा पाठ सापडणे कठीण.

खाडिलकर यांच्याकडे कामगार खाते असताना १९७२ चा उपदान प्रदान अधिनियम संमत झाला. कारखान्यातील कामगारास दीर्घ सेवेनंतर मिळणाऱ्या ग्रॅच्युइटीला त्यामुळे कायद्याचा आधार मिळाला. या तरतुदी पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट करण्यात आल्या. १९७३ मध्ये काही महिने त्यांच्याकडे आरोग्य खाते होते. देवी रोगाच्या निर्मूलनाची मोहीम तेव्हा निर्णायक टप्प्यात येत होती.

प्रश्न योग्य दारी नेणे

सदस्याची शक्ती व्यर्थ जाते ती बहुधा एका कारणामुळे: विषय कोणाच्या अधिकारातील, हे न पाहता प्रश्न दिला जातो. संविधानाच्या सातव्या अनुसूचीनुसार सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये हा राज्याचा विषय आहे. ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टरांची रिक्त पदे किती, असा प्रश्न लोकसभेत गेल्यास ‘हा विषय राज्य शासनाच्या अखत्यारीतील आहे’ असे उत्तर येण्याचा संभव अधिक. त्याची खरी जागा विधानसभा होय. परंतु केंद्राने दिलेल्या निधीविषयी संसदेत अवश्य विचारता येते. २००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाचा निधी हे त्याचे ठळक उदाहरण. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी स्थानिक स्वराज्य संस्थांमार्फत आरोग्यावर खर्च करण्यास ७०,०५१ कोटी रुपयांच्या अनुदानाची शिफारस केली होती. त्यातून आपल्या गटातील उपकेंद्रांना काय मिळाले, हे पंचायत समितीच्या सदस्याने स्वतःच्या दप्तरात पाहावे. त्यात तफावत आढळल्यास ती खासदारांस कळवावी. सपाट प्रदेशात ३०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र हा मूळ निकष आहे. गटाची लोकसंख्या त्याच्याशी ताडून पाहिल्यास प्रश्नास बळकटी येते.

उसाची बाब वेगळी आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार उसाची रास्त व किफायतशीर किंमत केंद्र शासन ठरविते. म्हणून उसाच्या दराचा प्रश्न संसदेत योग्य जागी पोहोचतो.

कांद्याच्या बाबतीत अर्थव्यवस्था आणि परराष्ट्र व्यवहार यांची सीमारेषाच पुसट होते. निर्यातीचे नियमन १९९२ च्या विदेश व्यापार अधिनियमाखाली केंद्र करते. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागले. ८ डिसेंबर २०२३ रोजी निर्यातबंदी आली आणि मे २०२४ मध्ये ती उठली. सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून ते रद्द झाले. भारतीय कांद्याच्या मोठ्या ग्राहक देशांत बांगलादेश आहे. दिल्लीतील एका अधिसूचनेचा परिणाम चाळीत साठविलेल्या कांद्याच्या भावावर होतो, आणि त्याच वेळी शहरातील ग्राहकाच्या घरखर्चाचा प्रश्नही शासनापुढे असतो. या दोन हितांचा तोल साधण्याची चर्चा होत असताना उत्पादन खर्च, साठा आणि बाजारसमितीतील भाव यांचे खात्रीचे आकडे सदस्याजवळ नसतील, तर शेतकऱ्याची बाजू दुबळी राहते.

परराष्ट्र व्यवहारात तर प्रश्न विचारण्याचे महत्त्व अधिकच आहे. आंतरराष्ट्रीय करारास संसदेची पूर्वसंमती घेणे आपल्या घटनेने बंधनकारक केलेले नाही. म्हणून करारांचे परिणाम प्रश्न, चर्चा आणि समिती यांच्याद्वारेच तपासता येतात. गोव्याच्या मुक्तिलढ्यात १९५५ मध्ये सत्याग्रहींच्या तुकडीचे नेतृत्व करून पोर्तुगीजांचा कारावास भोगलेले ना. ग. गोरे १९५७ मध्ये पुण्याहून लोकसभेवर गेले. गोव्याचा प्रश्न त्यांनी तुरुंगाच्या भिंतींआडून पाहिला होता. पुढे १९७७ मध्ये ते ब्रिटनमध्ये भारताचे उच्चायुक्त झाले. अनुभवातून आलेली माहिती जवळ असली, तर मागील बाकावरील सदस्यही या विषयावर अधिकाराने बोलू शकतो.

गावाचा वाटा

मंत्र्यांच्या मागे सचिवालय उभे असते. मागील बाकावरील सदस्यास माहितीसाठी मतदारसंघावरच बरेचसे विसंबावे लागते. ग्रामसभेचा ठराव, आरोग्य केंद्राची नोंदवही, बाजारसमितीचे भावपत्रक, कुरकुंभ वा रांजणगाव परिसरातील विहिरींच्या पाण्याचा तपासणी अहवाल, हीच त्याची खरी शिदोरी. निवेदन देताना पंचायत सदस्यांनी एका पत्रात एकच विषय घ्यावा, तो केंद्राचा की राज्याचा हे आधी पाहावे, योजनेचे नाव, मंजुरीची तारीख व रक्कम लिहावी आणि पुराव्याची प्रत जोडावी. अधिवेशन सुरू झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा महिनाभर आधी कागद पोहोचविणे श्रेयस्कर. अधिकाऱ्यांनीही संसदीय प्रश्नासाठी मागविलेली माहिती बिनचूक आणि वेळेत पाठवावी. कारण तालुक्यातून गेलेला चुकीचा आकडा मंत्र्यांच्या उत्तरात जसाच्या तसा उमटू शकतो. शिक्षकांना नागरिकशास्त्राच्या तासास आपल्या खासदारांचा एखादा प्रश्न आणि त्यावरील उत्तर वर्गात वाचून दाखविता येईल. हे सारे लोकसभेच्या संकेतस्थळावर पाहावयास मिळते.

खासदाराचे मूल्यमापन सभागृहातील आवाजाच्या उंचीवरून होऊ नये. त्याने कोणता प्रश्न, कोणत्या वेळी, कोणत्या पुराव्यानिशी विचारला आणि उत्तर आल्यावर त्याचा पाठपुरावा केला की नाही, हे पाहिले पाहिजे. तो पुरावा सदस्याच्या हाती वेळेवर पोहोचला की नाही, याचे उत्तर मात्र भीमेच्या दोन्ही तीरांवरील गावांनी द्यावयाचे आहे.