शिडाच्या नौकेचे इंजिन का तापते?

शिडाची नौका म्हटली की वारा आणि शीड डोळ्यांसमोर येतात. तिच्या पोटातले छोटे डिझेल इंजिन सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. बंदरात शिरताना, वारा पडलेला असताना किंवा ओहोटीच्या ओढीत खडकांपासून दूर सरताना मात्र सारी भिस्त त्याच्यावरच असते. नेमके तेव्हाच ते तापले, तर प्रसंग बिकट होतो. त्यामुळे ‘इंजिन हळू चालवा, म्हणजे तापणार नाही’ हा सल्ला नव्या नौकामालकाला हमखास मिळतो. तो अर्धाच खरा आहे.

यानमार या जपानी कंपनीचे ‘३जीएम३०एफ’ हे तीन सिलिंडरचे जुने इंजिन घेऊ. त्याची कमाल शक्ती मिनिटाला ३६०० फेऱ्यांना २७ अश्वशक्ती. सतत चालविण्याची मर्यादा ३४०० फेऱ्यांना २४ अश्वशक्ती. म्हणजे २५०० ते २९०० फेऱ्यांवर तासन् तास चालणे त्याला मुळीच जड नाही. उलट केवळ बॅटरी भरण्यासाठी ते दीर्घकाळ मंद गतीत ठेवले, तर सिलिंडर पुरेसे तापत नाहीत आणि आत काजळी साचते.

मग तापण्याचे कारण काय? प्रोपेलरला लागणारी शक्ती साधारणपणे फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ७० टक्के फेऱ्यांना जेमतेम एक-तृतीयांश शक्ती लागते. इतक्या कमी भारात अर्धवट तुंबलेली शीतकरण यंत्रणाही निभावून नेते. फेरे वाढविताच तिचे पितळ उघडे पडते. दोष वेगाचा नसतो, पाण्याच्या वाटेचा असतो.

ही वाट नौकेच्या बुडातील झडपेपासून सुरू होते. समुद्राचे पाणी गाळणीतून पंपाच्या रबरी इंपेलरकडे, तेथून हीट एक्स्चेंजरमध्ये जाते. तेथे इंजिनात फिरणारे गोडे पाणी थंड करून ते धुराबरोबर बाहेर पडते. मुंबई बंदराच्या गढूळ पाण्यात एखादी प्लास्टिकची पिशवीही ही वाट अडवू शकते. इंपेलर तर कोरडा फिरला की काही मिनिटांतच निकामी होतो.

दुसरे कारण नौकेच्या तळाशी असते. तळावर आणि प्रोपेलरवर शेवाळ-शिंपल्यांचा थर चढला, की इंजिनावर अवाजवी भार येतो. गिअर टाकून पूर्ण थ्रॉटल दिल्यावर हे इंजिन ३६०० च्या आसपास पोहोचायला हवे. ३००० वरच अडले आणि काळा धूर आला, तर तळ साफ करावा किंवा प्रोपेलर तपासावा. जलरेषेवर २५ फूट लांबीच्या जड नौकेचा वेग तसाही ६.७ नॉटच्या फारसा पुढे जात नाही. त्यापुढचे डिझेल लाटा उठविण्यात खर्ची पडते.

तापल्याची घंटा वाजली, तर आधी शीड उभारावे किंवा नांगर टाकावा आणि इंजिन बंद करावे. गरम असताना गोड्या पाण्याचे झाकण उघडू नये. उकळते पाणी अंगावर उडते. प्रथम गाळणी, नंतर इंपेलर पाहावा. इंपेलरची पाती तुटली असतील, तर नवा बसविण्याआधी सारे तुकडे शोधून काढावेत, कारण ते पुढे जाऊन एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकलेले असतात.