अडगळीतले स्वावलंबन

बारडोली म्हटले की १९२८ चा शेतसाऱ्याचा लढा आणि वल्लभभाईंना लाभलेली ‘सरदार’ ही पदवी आठवते. सुरत जिल्ह्यातील या गावी त्याआधी सहा वर्षे आणखी एक निर्णय झाला होता. चौरीचौऱ्याच्या हत्याकांडानंतर ११ व १२ फेब्रुवारी १९२२ रोजी काँग्रेस कार्यकारिणी तेथे बसली, कायदेभंग तहकूब केला आणि देशापुढे विधायक कार्यक्रम ठेवला. त्यात चरखा अग्रभागी होता. पुढे १९२९ मध्ये चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. यंत्राची किंमत १५० रुपयांवर जाऊ नये, ते खेड्यातील घरात चालावे, किमान वीस वर्षे टिकावे आणि त्याची डागडुजी अल्प खर्चात व्हावी, अशा त्याच्या अटी होत्या. पारितोषिक कोणालाच मिळाले नाही. पण यंत्र पारखण्याची ती कसोटी आजही जुनी झालेली नाही.

त्या कसोटीवर आपल्या घरातील आधुनिक यंत्रे उतरतील काय? रेडिओ मुका झाला, छपाईयंत्र रुसले की त्यांची रवानगी माळ्यावर आणि तेथून भंगारात. २०२२ या एका वर्षात जगात सुमारे ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला. त्यातील जेमतेम २२ टक्क्यांची रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद आहे. असा कचरा निर्माण करणाऱ्या देशांत चीन व अमेरिकेच्या पाठोपाठ भारताचा क्रमांक लागतो.

या पार्श्वभूमीवर एका लहानशा वस्तूकडे लक्ष वेधावेसे वाटते. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी ब्रिटनमध्ये ‘रास्पबेरी पाय’ नावाचा, एकाच पट्टीवर मांडलेला संगणक विक्रीस आला. आकार खिशातील ओळखपत्राएवढा, किंमत ३५ डॉलर. मुलांनी संगणक नुसता वापरू नये, तो आतून जाणावा, हा त्यामागील हेतू. या पट्टीला पेटी नव्हती, पडदा नव्हता, कळफलकही नव्हता. ते सारे घरातूनच जमवायचे. वीज पुरेशा ताकदीच्या जुन्या मोबाइल चार्जरची चाले, आणि चित्र जुन्या दूरदर्शन संचावर उमटावे म्हणून तिला पिवळी खाचही दिलेली होती. अशा पट्टीला लहानसा ध्वनिवर्धक जोडला की मुक्या रेडिओच्या लाकडी पेटीतून आणि कर्ण्यातून जगभरची केंद्रे बोलू लागतात. केवळ तारेने चालणारे जुने छपाईयंत्र घरातील सर्वांच्या हाकेला ओ देते.

हा काही परीस नव्हे. पट्टीवरील मुख्य चिप बिघडली तर ती तालुक्याच्या गावी दुरुस्त होत नाही. हौसेने आणलेली पट्टी खणात पडून राहिली तर कचऱ्यात भरच. शिवाय जुन्या दूरदर्शन संचाच्या काचनळीत वीज बंद केल्यावरही जीवघेणा दाब उरतो; तो जाणकाराशिवाय उघडू नये.

म्हणूनच प्रश्न पट्टीचा कमी आणि जाणकाराचा अधिक आहे. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम स्थापन करून हाताने काम करता करता शिकण्याची वाट घालून दिली. अमेरिकेतील एमआयटीच्या साहाय्याने २००२ मध्ये तेथे ‘फॅब लॅब’ही उभी राहिली. २०१६ पासून देशातील हजारो शाळांत अटल टिंकरिंग प्रयोगशाळा निघाल्या. गोव्यातील शाळांतून कोडिंग व रोबोटिक्स शिकविले जाते. हे स्वागतार्ह आहे. परंतु नव्या कोऱ्या संचातील सुटे भाग पुस्तिकेबरहुकूम जोडणे ही निम्मीच विद्या होय. प्रत्येक प्रयोगशाळेत गावातून आलेल्या नादुरुस्त वस्तूंसाठी एक कपाट असावे आणि बाजारपेठेतील रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कारागिराला महिन्यातून दोन दिवस सन्मानाने, मानधन देऊन, शिकवायला बोलवावे. कोठला भाग शाबूत आहे, कोठला गेला, हे त्याची बोटे जाणतात. ती पिढी उठून गेली की हे ज्ञान कोणत्याही संचात मिळणार नाही.

शासनाला यासाठी मोठी तरतूद करावी लागणार नाही. बारडोलीच्या ठरावाने चरखा घरोघरी न्यायचे ठरविले, ते केवळ सुतासाठी नव्हे. आपल्या गरजेचे यंत्र आपल्या हातात असावे यासाठी. जे यंत्र आपल्याला उघडता येत नाही, त्याचे आपण मालक नव्हे, केवळ गिऱ्हाईक असतो. मुलांना मालक करावयाचे की गिऱ्हाईक, हे शाळांनी ठरवावे.