पाळीव टॅरंटुलाला हवी खोल माती

कुत्र्याला चेंडू लागतो, पोपटाला झोका लागतो; मग काचेच्या पेटीत पाळलेल्या टॅरंटुला कोळ्याला काय द्यावे? बंदिस्त प्राण्याला स्वभावानुसार वागण्याची संधी मिळावी, यासाठी केलेल्या सोयींना प्राणिसंग्रहालयांच्या परिभाषेत 'एन्रिचमेंट' म्हणतात. माकड किंवा हत्तीच्या बाबतीत ही कल्पना सहज पटते. दिवसच्या दिवस एका जागी बसून राहणाऱ्या आठ पायांच्या केसाळ जिवाला तिची काय गरज, असे मात्र अनेकांना वाटते.

हौशी मंडळींमध्ये लोकप्रिय असलेल्या 'मेक्सिकन रेड-नी' या जातीचे उदाहरण घेता येईल. पायांच्या सांध्यांवर नारिंगी-लाल पट्टे असलेला हा कोळी मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्याकडील कोरड्या जंगलात, जमिनीतील बिळात राहतो. मादी २० वर्षांहून अधिक जगू शकते आणि त्यातला बहुतेक काळ बिळाच्या आसपासच काढते. तिची नजर अधू असते. पायांवरील सूक्ष्म केसांनी जमिनीची थरथर टिपून ती भक्ष्य ओळखते. रात्री बिळाच्या तोंडाशी निश्चल बसणे हा आळस नसून शिकारीची रीत आहे.

म्हणूनच अशा कोळ्याला खेळण्यांपेक्षा खोल माती, आडोशाला झाडाची साल आणि पाण्याची उथळ वाटी अधिक मोलाची. उंच पेटी दिसायला देखणी असते; पण जड शरीराचा हा कोळी काचेवर चढून पडला, तर पोट फुटून मरू शकतो. झाडांच्या ढोलीत राहणाऱ्या जातींचे नेमके उलट असते. त्यांना उभी साल आणि उंची लागते. सह्याद्रीत आढळणारा 'पोइसिलोथेरिया रेगॅलिस' याच गटातला.

कोळ्याला हातावर खेळवण्याची हौस मालकाची असते, कोळ्याची नव्हे. अमेरिका खंडांतील अनेक जाती डिवचल्यास मागच्या पायांनी पोटावरचे केस झाडतात. या केसांनी त्वचेला खाज सुटते. डोळ्यात गेल्यास गंभीर इजा होते.

सर्वाधिक घोटाळा होतो तो कात टाकण्याच्या वेळी. त्याआधी कोळी कित्येक आठवडे अन्नाला शिवत नाही आणि एके दिवशी पाय वर करून उताणा पडतो. तो मेला असे समजून फेकून देणे म्हणजे जिवंत प्राणी फेकणे होय. कित्येक तास चालणाऱ्या या क्रियेत त्याला हात लावू नये. पेटीतील जिवंत रातकिडे आधीच काढावेत. नव्या, मऊ कातडीच्या कोळ्याला तेच कुरतडू शकतात.

या हौसेला कायद्याचीही बाजू आहे. मेक्सिकन रेड-नीचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९८५ पासून, तर पोइसिलोथेरिया गटाचा २०१९ पासून 'साइट्स' कराराखाली नियंत्रित आहे. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीनुसार, कराराच्या यादीतील विदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना त्याची नोंदणी करावी लागते.

नराची गोष्ट थोडी वेगळी आहे. प्रौढ होताच तो बीळ सोडून मादीच्या शोधात निघतो. पेटीतही रात्रीमागून रात्री काचेच्या कडेने फेऱ्या घालतो. माती कितीही खोल असली, तरी तो तिच्यात परतत नाही. मादीच्या तुलनेत त्याचे उरलेले आयुष्यही फार थोडे असते.