दुधाविना ताट आणि बी-१२

गेल्या वर्षी माझ्या कन्येने दूध, दही, तूप वर्ज्य केले. रबडीवाचून सण पुरा न होणाऱ्या आमच्या इंदूरच्या घरात हा गृहकलहच! तिचा युक्तिवाद मात्र मला खोडता आला नाही. गाय दूध देते ती व्याल्यानंतरच. तिच्या नर वासराला दुग्धव्यवसायात स्थान उरत नाही. गुरांच्या रवंथातून निघणारा मिथेन, शंभर वर्षांच्या हिशेबाने, कार्बन डायऑक्साइडहून सुमारे २८ पट उष्णता धरतो. डाळी व भाज्यांनी आहारात तंतुमय पदार्थ वाढतात, तूप-लोण्यातील संपृक्त मेद घटतो, हे तर आपणच रुग्णांना सांगतो.

डॉक्टर म्हणून माझी मुख्य शंका बी-१२ विषयी होती. हे जीवनसत्त्व वनस्पती नव्हे, सूक्ष्मजंतू निर्माण करतात. यकृतातील साठा काही वर्षे पुरत असल्याने उणीव उशिरा ध्यानी येते: पायांना मुंग्या, तोल जाणे. त्यातच फॉलिक ॲसिड भरपूर मिळाले तर रक्तक्षय झाकला जातो आणि मज्जातंतूंची हानी चालूच राहते. (हिमोग्लोबिन उत्तम म्हणून निर्धास्त असलेले असे रुग्ण व्यवसायबंधूंनी पाहिले असतीलच.) मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी अधिक सावध असावे.

कन्येसोबत मी माझेही रक्त तपासले. उणीव निघाली ती माझ्यात, रोज दूध पिणाऱ्यात! आता गोळी दोघेही घेतो. चहा मात्र माझा अजून दुधाचाच आहे.