रक्षकांच्याच पोटीं शत्रु

संगमनेर तालुक्यांत दुधावर शेंकडों घरें चालतात. तेथें गाय गाभडली कीं दैवास बोल लावून तिला बाजारांत लोटणें क्षम्य नव्हे. या आपत्तीचें एक कारण ब्रुसेला नामक जंतु होय. ज्या पांढऱ्या पेशींनीं त्यास गिळून मारावयाचें, त्यांच्याच पोटांत तो दडून वाढतो व पुढें गर्भाशय गांठतो. तेथें औषधहि सहज पोंचत नाहीं. उपाय आधींच हवा. २०१९ च्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमानें ४ ते ८ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांस एकदांच टोंचावयाची लस दिली आहे. ती टाळूं नये. गाभडलेल्या जनावराचें रक्त तपासावें. कच्च्या दुधांतून हा रोग माणसासहि जडतो. तो लपवून केलेला सौदा म्हणजे शेजाऱ्याच्या गोठ्यास लावलेली आगच होय!