‘माझी तेवढी लायकी नाही’ : पाचारणाविषयीचे गैरसमज

मंडळीत कुणाला संडे स्कूलचा वर्ग घ्या म्हटलं, आजाऱ्यांच्या घरी प्रार्थनेला चला म्हटलं, की एक उत्तर हमखास येतं : ‘नको हो पाळकसाहेब, माझी तेवढी लायकी नाही.’ ऐकणाराही मान डोलावतो, कारण उत्तर नम्र वाटतं. बायबलात मात्र या उत्तराला फारसा मान मिळालेला दिसत नाही.

गैरसमज : देव लायक माणसालाच बोलावतो.

मोशेचंच पाहा. मिसर देशात खून करून पळालेला, मिद्यानात सासऱ्याची मेंढरं राखणारा हा माणूस. फारोपुढे उभा राहिला तेव्हा वय 80. निर्गमच्या तिसऱ्या-चौथ्या अध्यायांत तो पाच वेळा आढेवेढे घेतो : मी कोण? तुझं नाव काय सांगू? लोकांना पटलं नाही तर? माझी जीभ जड आहे. आणि शेवटी, दुसऱ्या कुणाला तरी पाठव. ‘मी कोण?’ यावर देव त्याला ‘तू कर्तबगार आहेस’ असं सांगत नाही. मी तुझ्याबरोबर असेन, एवढंच सांगतो. जिभेचा जडपणाही झटक्यात घालवत नाही. बोलायला शिकवीन म्हणतो आणि अखेर बोलका भाऊ अहरोन सोबतीला देतो. देवाचा राग भडकतो तो पाचव्या वेळी, सगळी कारणं संपून नुसता नकार उरल्यावर. आधीच्या चारही शंकांना त्याने शांतपणे उत्तरं दिली होती. ‘लायकी नाही’ म्हणणाऱ्याने आपण चौथ्या पायरीवर आहोत की पाचव्या, हे पाहावं.

गिदोन स्वतःला घराण्यात सर्वांत लहान म्हणवतो, यिर्मया कोवळ्या वयाकडे बोट दाखवतो. दोघांनाही सुटका मिळत नाही.

गैरसमज : अपात्र वाटत असेल तर प्रभुभोजनापासून दूर राहावं.

आपल्याकडे हा फार खोल रुजला आहे. प्रभुभोजनाच्या रविवारी मागच्या बाकावर बसून राहणारी, नाहीतर हळूच बाहेर पडणारी माणसं पुष्कळ मंडळ्यांत दिसतात. आधार घेतला जातो करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 11व्या अध्यायाचा. अयोग्य रीतीने भाकर खाणाऱ्याला पौल तिथे कडक इशारा देतो. पण करिंथमध्ये घडत काय होतं? एकत्र जेवणाच्या वेळी काही जण आधीच खाऊन-पिऊन झिंगत होते आणि ज्यांच्याकडे काही नव्हतं ते उपाशी राहत होते. पौलाचा रोख त्या निर्लज्ज वागण्यावर आहे. स्वतःची परीक्षा करा आणि मग खा, असं तो सांगतो. परीक्षा करून घरी जा, असं नव्हे. कॅथलिक शिस्तीत गंभीर पापानंतर आधी पापनिवेदन लागतं हे खरं, पण तेही परत येण्यासाठीच असतं. मिस्सामध्ये तर कम्युनियनच्या आधी सगळेच जण कफर्णहूमच्या शताधिपतीच्या शब्दांचा आधार घेत आपली अपात्रता मोठ्याने कबूल करतात, आणि मग पुढे जातात.

गैरसमज : आधी मनातली बोच जावी, मग सेवा.

पौलाची बोच गेली नाही. मंडळीचा छळ केल्यामुळे प्रेषित म्हणवून घ्यायला मी योग्य नाही, असं तो लिहितो आणि त्याच दमात आपण इतरांहून जास्त श्रम केल्याचंही सांगतो. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमधल्या वाँटेजला झाला. मनाला खरी शांती मात्र सुमारे आठ वर्षांनी लाभली. पापी माणसाने कमाई करून नव्हे, कृपेनेच देवाकडे यायचं असतं हे तेव्हा उमगलं, असं त्यांनी स्वतःच्या साक्षीत नोंदवलं आहे. मुंबईत त्यांचं शारदा सदन सुरू झालं ते 1889 मध्ये. म्हणजे काम आधी, शांती नंतर.

गैरसमज : सेवकच पापी, तर त्याची सेवा फुकट.

हा वाद चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत पेटला होता. 303 साली सुरू झालेल्या ख्रिस्ती लोकांच्या छळात ज्यांनी धर्मग्रंथ शत्रूच्या हवाली केले, त्यांच्या हातचे संस्कार डोनाटस पंथीयांना मान्य नव्हते. संत ऑगस्टीनचं म्हणणं होतं की संस्कार ख्रिस्ताचा आहे, देणाऱ्याचा नव्हे. याचा अर्थ सेवकाने वाटेल तसं वागावं असा नाही. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात अध्यक्ष कसा असावा याची चांगली लांबलचक यादी आहे आणि गैरवर्तन करणाऱ्याला पदावरून दूर करणं मंडळीचं कामच आहे.

गैरसमज : पाचारण फक्त पाळकांना, फादर-सिस्टरांना.

निवासमंडप घडवणाऱ्या बसालेल या कारागिराला देवाने नाव घेऊन बोलावल्याचं निर्गमच्या 31व्या अध्यायात आहे. ल्यूथरने सोळाव्या शतकात रोजच्या कामधंद्यालाही पाचारण मानलं आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 मध्ये पवित्रतेचं पाचारण प्रत्येक बाप्तिस्माधारकाचं असल्याचं सांगितलं.

तयारी नसणं ही लायकी नसण्याहून वेगळी गोष्ट आहे आणि तिच्यावर उपाय असतो. तेव्हा पुढच्या वेळी पाळकांनी वर्ग घ्यायला विचारलं, तर दोन महिन्यांची मुदत मागा, जुन्या शिक्षकाशेजारी बसून शिका, अभ्यासाची पुस्तकं मागून घ्या. लायकीचं कारण मात्र सांगू नका.