आठ माइक, एक तार

भोकरदन तालुक्यातल्या धावड्याहून एका तरुण वाचकाचा प्रश्न आला आहे. तो सप्ताहांना साउंड लावतो. कीर्तनकाराचा माइक, पेटीचा, पखवाजाचा, विणेकऱ्याचा आणि टाळकऱ्यांचे चार, असे आठ माइक त्याच्या मिक्सरला लागतात आणि मशीनकडे, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरकडे, तार जाते एकच. तो विचारतो, ‘मग आत हे आवाज एकमेकांना खात कसे नाहीत? आणि डिजिटल मिक्सर घ्या असं सगळे सांगतात, घेऊ का?’

पहिला प्रश्न फार मोलाचा आहे. रोज मिक्सर हाताळणारेही तो सहसा विचारत नाहीत.

महाराज संथ लयीत निरूपण करत असतात तेव्हा माइकमधून जेमतेम एक-दोन मिलिव्होल्ट निघतात. मंडपात दिव्याच्या तारा आणि जनरेटर यांच्या शेजारून जाताना एवढ्याशा विजेत 50 हर्ट्झची घरघर सहज मिसळते. म्हणून चांगल्या केबलमध्ये आवाज दोन तारांतून जातो, एकीत सुलट आणि दुसरीत उलट. घरघर मात्र दोन्हींत सारखीच शिरते. मिक्सर एकीतून दुसरी वजा करतो, तेव्हा घरघर जाते आणि आवाज दुप्पट होऊन उरतो. तीन पिनांच्या जागी साधी मोनो जॅकची लांब वायर ओढली की ही वजाबाकीच होत नाही. मशीन गुणगुणतंय अशी तक्रार असेल तर आधी वायर बघावी.

पुढे लागतं चॅनलच्या अगदी वरचं गेनचं बटण. दोन मिलिव्होल्टचे सव्वा व्होल्ट करायला ते सहाशे पट वाढ देतं. सगळा खेळ इथेच ठरतो. गेन कमी ठेवला तर पुढे आवाज वाढवताना मिक्सरची सरसर वाढते. जास्त ठेवला तर महाराज टिपेला जाताच व्होल्टेज दहापट होतो आणि मिक्सरच्या आतल्या पंधरा-सतरा व्होल्टच्या मर्यादेला टेकतो. लाटेचा माथा कापला जातो, आवाज फाटतो. इथे फाटलेला आवाज खालचा फेडर, म्हणजे आवाजाची सरकती पट्टी, कितीही ओढला तरी सांधत नाही. तो फक्त हळू फाटका ऐकू येतो.

यानंतर बास-ट्रेबल, मॉनिटरकडे जाणारी फांदी, मग फेडर. आणि मग ती जागा, जिथे आठ चॅनल एका तारेवर येतात.

आठही चॅनलच्या तारा नुसत्या एकत्र पिळल्या तर काय होईल? ज्याचा फेडर खाली त्याची तार जमिनीला टेकलेली, म्हणून ती बाकी सातांचा आवाजही गिळेल. वाचकाची शंका अगदी रास्त आहे. साध्या जोडणीत आवाज एकमेकांना खातातच.

यावरचा तोडगा समजायला आडत दुकानातला जुना दोन पारड्यांचा तराजू आठवा. आठ जण एकाच पारड्यात आपापल्या टोपलीतून मिरची टाकताहेत, कोणी काढूनही घेतंय. मापाडी इतका चपळ की दुसऱ्या पारड्यात तितकीच वजनं टाकून किंवा उचलून तो काटा हलूच देत नाही. काटा हलत नाही म्हणून टाकणाऱ्या कोणालाही दुसऱ्याने किती टाकलं याचा पत्ता लागत नाही. मापाड्याची वजनं मोजली की आठांची बेरीज हाती येते. मिक्सरमधली ती सामाईक तार म्हणजे हा काटा. प्रत्येक चॅनल आपापल्या रेझिस्टरमधून तिच्यात विद्युतप्रवाह टाकतो. मापाडी असतो ऑप-अ‍ॅम्प, जो तेवढाच प्रवाह उलट दिशेने देऊन त्या बिंदूवरचा व्होल्टेज शून्यावर धरून ठेवतो. आठ माइकांचा आवाज जिथे एक होतो, तिथे व्होल्टमीटर लावला तर जवळपास काहीच दिसत नाही! मला विजेच्या शास्त्रात याहून देखणी कल्पना क्वचितच भेटली.

हा मापाडी जन्मला दुसऱ्या महायुद्धात. उलट दिशेने परत देण्याचं तत्त्व, म्हणजे निगेटिव्ह फीडबॅक, हॅरॉल्ड ब्लॅक यांना 2 ऑगस्ट 1927 रोजी कामावर जाताना फेरीबोटीत सुचलं आणि त्यांनी ते हातातल्या वर्तमानपत्रावरच लिहून काढलं. ही गोष्ट पुस्तकांत येते. पण त्यांच्याच बेल लॅब्जमधल्या कार्ल स्वार्टझेल यांचं नाव कोण घेतं? विमानावर तोफ रोखताना अनेक व्होल्टेजची अचूक बेरीज हवी होती. 1941 मध्ये स्वार्टझेल यांनी बेरीज करणाऱ्या, तीन व्हॅक्यूम ट्यूबच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या पेटंटसाठी अर्ज केला. पेटंट 1946 मध्ये मिळालं, आणि ‘ऑपरेशनल अ‍ॅम्प्लिफायर’ म्हणजे ऑप-अ‍ॅम्प हे नाव त्याच्या पुढच्या वर्षी दुसऱ्याच एका शास्त्रज्ञाच्या लेखातून रुळलं. तोफांसाठी केलेली ती बेरीज आज कीर्तनात टाळ-मृदंगाची होते. स्वार्टझेल यांचं नाव शाळेच्या पुस्तकात असायला हवं.

बेरीज यंत्र करतं, पण कोण किती हे कान ठरवतो. परळच्या राजकमल कलामंदिरात संवाद, संगीत आणि इतर आवाज एकत्र विणणारे मंगेश देसाई याच कानासाठी नावाजले गेले. ‘शोले’चं ध्वनिमिश्रण त्यांचं.

आता डिजिटलचं. त्यात सोयी भरपूर आहेत, सेटिंग जतन होतं, हे खरं. पण माइकचे मिलिव्होल्ट तिथेही आधी अ‍ॅनालॉग गेनमधूनच जातात. चुकलेला गेन लाखाचा मिक्सरही दुरुस्त करत नाही. उलट बाजूने ‘अ‍ॅनालॉगची ऊब’ सांगून जुनी यंत्रं चढ्या भावाने विकणाऱ्यांवरही विश्वास ठेवू नये. चांगला मिक्सर आवाजात आपलं काहीच घालत नाही, त्यासाठीच तो बनवलेला असतो.

तेव्हा या वर्षी मिक्सर बदलू नका. कीर्तन सुरू होण्याआधी पखवाजवाल्याला पूर्ण ताकदीने थाप मारायला सांगा, गायकाला टिपेला जायला सांगा आणि लाल दिवा लागणार नाही इतकाच गेन ठेवा. निरूपण चालू असताना टाळकऱ्यांचे माइक खाली घ्या. एकाऐवजी आठ माइक सारखेच उघडे असले तर शिट्टी 9 डेसिबल आधीच वाजते.